कंसमास्तरांची निवड

पाण्याच्या खात्यातल्या गणित विभागात बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या त्या गृहस्थांना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. सगळ्यांसाठी ते कंसमास्तर. पुराणातला कंस नव्हे, प्रोग्रॅममधला. कोणाचा प्रोग्रॅम अडला की मास्तर चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनपाशी वाकायचे आणि मिनिटभरात म्हणायचे, "हा इथला कंस मिटवायचा राहिलाय. घरून निघताना दार तरी लावता की नाही?" समोरचा हिरमुसायचा, पण कंस खरोखरच उघडा असायचा. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी हे नाव त्यांच्या पाठीमागे घरापर्यंत आलं होतं.

त्यांच्या जिवाला एकच गोष्ट लागून राहिली होती, ती म्हणजे थोरल्या साहेबांची लायब्ररी. पुस्तकांची नव्हे. सी भाषेत लिहिलेला नऊ हजार ओळींचा तो एक कोड होता. नदीच्या वरच्या अंगाला पाणी किती चढलंय आणि पाऊस किती झालाय हे त्याला सांगितलं, की खालच्या वस्तीपाशी किती तासांनी किती पाणी येईल हे तो सांगायचा. थोरल्या साहेबांनी, म्हणजे खात्यातल्या मास्तरांच्या वरिष्ठांनी, तो एकहाती लिहिला आणि जाण्याआधी सगळ्यांसाठी खुला करून ठेवला: कोणीही वापरा, कोणीही सुधारा. वापरायची अकरा लहान कार्यालयं. सुधारायचे मात्र एकटे मास्तरच. एकोणीस वर्षं त्यांनी ती लायब्ररी तळहाताच्या फोडासारखी जपली होती.

आणि आता त्यांचे डोळे चालले होते. आधी अक्षरांच्या मधोमध एक राखाडी ठिपका आला. मास्तरांनी चष्मा पुसला, मग स्क्रीन पुसली, मग स्क्रीन बनवणाऱ्यांच्या नावानं खडे फोडले. ठिपका हलला नाही. डॉक्टरांनी तपासून सरळ सांगितलं, "कडेचं दिसत राहील. मधलं जाईल. वर्ष, फार तर दीड." कडेच्या दिसण्यावर माणूस घरात फिरू शकतो, चहा ओतून घेऊ शकतो. पण वाचायला मधलंच लागतं. ही गोष्ट त्यांनी फक्त लेकीला सांगितली आणि वर बजावलं, "कुठे बोलायचं नाही."

त्यात दुसरं संकट उभं राहिलं. कार्यालयांतून नवी मंडळी आली होती, त्यांना सी येत नव्हती. ती एका नव्या, सोप्या भाषेत प्रोग्रॅम लिहायची आणि त्या भाषेतून मास्तरांच्या लायब्ररीला हाक मारायची सोय नव्हती. मधे एक पूल हवा होता. नव्या भाषेतली हाक जुन्या कोडपर्यंत न्यायची, त्याचं उत्तर परत आणायचं, आणि वाटेत काही सांडू द्यायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

एक संस्था दर उन्हाळ्यात अशा खुल्या प्रकल्पांना विद्यार्थी मिळवून द्यायची. प्रकल्पवाल्यानं काम मांडायचं, विद्यार्थ्यांनी अर्ज करायचे, प्रकल्पवाल्यानं निवडायचं आणि तीन महिने शिकवत शिकवत काम करून घ्यायचं. मास्तरांनी पुलाचं काम मांडलं आणि संस्थेनं त्यांना एक विद्यार्थी मंजूर केला. एकच.

जगाच्या लेखी मास्तर विद्यार्थी निवडत होते. मनातून ते वारस निवडत होते. पूल बांधणाऱ्याला सगळी लायब्ररी आतून बघावी लागणार, आणि ज्यानं ती आतून बघितली त्याच्याच हाती पुढे ती सोपवायची, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब त्यांनी जाहिरातीत लिहायला हवा होता. "मला दिसेनासं होतंय, सांभाळणारं कोणी हवंय," एवढी एक ओळ. पण मास्तर पडले मानी. नऊ हजार ओळी तपासणाऱ्या माणसानं ती एक ओळ लिहिली नाही.

नऊ अर्ज आले. मास्तरांची पद्धत अशी, की अर्जाबरोबर प्रत्येकानं लायब्ररीतली एखादी बारीकशी दुरुस्ती करून पाठवायची, मास्तर ती ओळीओळीनं तपासणार, आणि ती पसंत पडून मूळ कोडात गेली तरच अर्जाचा विचार. याला ते चाचणीचा तुकडा म्हणत. दुरुस्ती पहिल्या फेरीत पसंत पडणं अशक्यच असायचं. सात जण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच कंटाळून दिसेनासे झाले. राहिले दोघं.

ते दोघं कोण, हे मास्तरांना लेकीच्या तोंडून कळलं, कारण एव्हाना अर्ज तीच वाचून दाखवत होती. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. डॉक्टरांचं वाईटात वाईट अक्षर तिला वाचता यायचं, पण कोड हे प्रकरण तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. सकाळी दुकानात जाण्याआधी तासभर ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायची आणि मास्तर भिंतीकडे तोंड करून ऐकायचे.

"कंस उघडा. चांदणी. चांदणी. पातळी, खाली रेघ, यादी. कंस मिटवा."

"चांदणी नाही म्हणत त्याला."

"मग काय म्हणतात?"

मास्तर जरा थांबले. "चांदणीच म्हण," ते म्हणाले.

पहिल्याला लेकीनं हसरा असं नाव ठेवलं, कारण फोटोत त्याचे सगळे दात दिसत होते आणि त्याची पत्रंही तशीच होती. "हो सर." "लगेच करतो सर." "किती छान समजावलंत सर!" त्याचा तुकडा चौदा फेऱ्यांतून गेला. मास्तर सांगायचे, ही ओळ अशी नको, अशी लिही. तासाभरात ती ओळ तशीच लिहून यायची. पुढच्या ओळीचंही तेच. या भानगडीत मास्तरांनी स्क्रीनशी डोळे नेऊन, ठिपक्याच्या कडेनं एकेक अक्षर बघत काम केलं, आणि चौदाव्या फेरीला तुकडा असा काही देखणा झाला की त्यांचा ऊर भरून आला.

"काय लिहितो पोरगा!" ते लेकीला म्हणाले. "अगदी माझा हात."

तुमचाच आहे तो हात, असं म्हणायला तिथे जाणकार कोणी नव्हतं.

दुसरीचं नाव पडलं प्रश्नवाली. तिच्या पत्रात नमस्कारसुद्धा काटकसरीनं केलेला. तिनं बारा ओळींची दुरुस्ती पाठवली होती आणि सोबत एक प्रश्न. लेकीनं तो तीनदा वाचून दाखवला, कारण मास्तरांनी तीनदा वाचायला लावला.

प्रश्न असा होता. लायब्ररी आकड्यांची यादी करून देते, तेव्हा ती यादी ठेवायला संगणकाकडून जागा मागून घेते. काम झालं की ती जागा कोणाला तरी सोडावी लागते. थोरल्या साहेबांच्या माहितीपत्रकात लिहिलंय, की ज्यानं यादी मागितली त्यानंच सोडायची. पण नदीवरच्या एखाद्या मोजपट्टीचा आकडा आलाच नाही, तर लायब्ररी नवी यादी करत नाही. स्वतःजवळची आदली यादीच पुढे करते. ती लायब्ररीची स्वतःची आहे, ती सोडून चालणार नाही. "मग मागणाऱ्याला कसं कळावं, की हाती आलेलं आपलं आहे की तिचं? पत्रक खरं मानायचं की कोड?" तिच्या बारा ओळींनी हाच घोळ मिटत होता.

शेजारणीनं वापरायला दिलेलं पातेलं आपलं समजून भंगारात घालावं, तसा तो प्रकार होता. इतकी वर्षं तो कोणाच्या लक्षात आला नाही, कारण जुने प्रोग्रॅम एकदा चालायचे, आकडे छापायचे आणि बंद व्हायचे. बंद होताना सगळी जागा आपोआप सुटायची. नवी भाषा मात्र टापटिपीची. वापरून झालेलं ती स्वतःहून आवरत सुटते.

मास्तरांना हे ठाऊक नव्हतं, आणि तेच झोंबलं. एकोणीस वर्षं ज्या घराच्या किल्ल्या कमरेला लावून फिरलो, तिथली एक खोली कोणा पोरीनं दाखवावी? आणि तीही थोरल्या साहेबांची चूक म्हणून?

"साहेबांनी काहीतरी विचार करूनच लिहिलं असणार," ते म्हणाले. "दोन दिवस कोड बघितला नाही आणि निघाली शिकवायला."

"शिकवत नाहीये बाबा, विचारतेय."

"तुला कोड कळतो?"

"कोड नाही कळत. चिठ्ठी कळते." लेक लॅपटॉप मिटत म्हणाली. "आमच्याकडे नवीन माणूस ठेवला ना, की मी पहिल्या आठवड्यात एकच बघते. चिठ्ठीत काही खटकलं तर डॉक्टरांना फोन करतो का. जो कधीच करत नाही, त्याला मी काउंटरवर उभा करत नाही. तुमचा तो हसरा, त्यानं चौदा फेऱ्यांत एक तरी गोष्ट विचारली का?"

"त्याला विचारायची गरज पडली नाही."

"तेच म्हणतेय मी."

मास्तरांनी ऐकलं नाही. त्या दुपारी त्यांनी प्रश्नवालीची दुरुस्ती नाकारून बंद केली. खाली एक ओळ लिहिली: मूळ लेखकाची रचना बदलण्याचं कारण दिसत नाही. प्रश्नाला उत्तर दिलंच नाही. चाचणीचा तुकडा पसंत नाही, म्हणजे नियमाप्रमाणे अर्जही बाद. नियमावर बोट ठेवलं की मनाला टोचत नाही. संस्थेला त्यांनी हसऱ्याचं नाव कळवलं आणि कित्येक महिन्यांनी त्यांना पोटभर जेवण गेलं.

पहिला महिना झकास गेला. हसरा रोज लिहायचा, रोज आभार मानायचा. पूल उभा राहिला. मास्तरांच्या डोळ्यांतला ठिपका मात्र पसरत चालला होता. आता ओळ वाचायची तर मान तिरकी करून, कडेकडेनं, एकेक अक्षर पकडावं लागायचं, आणि ओळीच्या शेवटाला येईतो सुरुवात विसरायला व्हायची. तपासणी ते करत होते असं म्हणायचं. खरं म्हणजे ते विश्वास टाकत होते, आणि विश्वास टाकायला त्यांच्याकडे कारण होतं: त्या तुकड्यातला तो हात.

दुसऱ्या महिन्यात एका लहान कार्यालयानं पूल चालवून बघायला घेतला. आठ दिवस सुरळीत गेले. नवव्या दिवशी नदीवरच्या एका मोजपट्टीचं यंत्र बिघडलं, आकडा आला नाही, आणि प्रोग्रॅम जागच्या जागी मेला. पुन्हा चालवला, पुन्हा मेला. तिसऱ्यांदा मेला नाही, ते जास्त वाईट झालं. नदीचं पाणी जमिनीखाली चार मीटर आहे असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं.

तिथल्या इंजिनियरनं फोन केला. माणूस सभ्य होता. "मास्तर, रागावू नका. आम्ही हसलो, कारण या खेपेला आकडा हसण्यासारखा होता. जरा खरा वाटेल असा चुकला असता तर आम्ही लोकांना तोच सांगून बसलो असतो."

फोन ठेवल्या ठेवल्या मास्तरांना तो प्रश्न आठवला, शब्दन् शब्द. तीनदा वाचून घेतला होता ना.

तरी त्यांनी हसऱ्याला संधी दिली. व्हिडिओवर बोलावलं. पोरगा आला, केस ओले, घाईत. मास्तर त्याच्या चेहऱ्याच्या बाजूला बघत बोलत होते, कारण तसं केलं तरच चेहरा दिसायचा.

"मोजपट्टीचा आकडा आला नाही तर यादी कोणाची असते?" त्यांनी विचारलं.

"सर?"

"यादी. सोडायची कोणी?"

"तुम्ही सांगाल तसं करतो सर."

"मी सांगायचं नाही. तू सांग. मोजपट्टी राहू दे, साधं सांग. तुझ्या चाचणीच्या तुकड्यात तूच एके ठिकाणी यादी सोडली आहेस, एके ठिकाणी सोडलेली नाहीस. दोन्ही बरोबर आहे. का बरोबर आहे?"

पोरगा अगदी खरेपणानं म्हणाला, "ते तुम्हीच सांगितलं होतं ना सर. पाचव्या फेरीत एक आणि अकराव्या फेरीत एक. मी तसंच लिहिलं." आणि वर, "मला वाटलं, तुम्हाला तसंच आवडतं."

त्याच्यावर रागवावं असं त्यात काहीच नव्हतं. त्यानं कोणाला फसवलं नव्हतं, खोटं बोलला नव्हता, आळस केला नव्हता. सांगितलेलं केलं होतं. चौदा फेऱ्यांत मास्तरांनी स्वतःचीच उत्तरपत्रिका लिहिली होती, स्वतःच तपासली होती आणि स्वतःलाच पहिल्या नंबरानं पास केलं होतं. इतकी लाज त्यांना उभ्या नोकरीत वाटली नव्हती.

संस्थेकडे शेरा पाठवायची वेळ आली तेव्हा त्यांनी पोराला पास केलं. लेकीनं विचारलं, "नापास नाही केलंत?"

"कोणाला करू?" मास्तर म्हणाले.

चूक दुरुस्त करायला ते स्वतः बसले. चार दिवस बसले. ती जागा त्यांना पाठ होती, फंक्शनचं नाव, ओळीचा आकडा, सगळं. पण लिहिलेलं बरोबर उमटलंय की नाही हे बघता येईना. चौथ्या दिवशी त्यांनी टाइप केलेलं लेकीनं वाचून दाखवलं. एक कंस उघडा राहिला होता. ते तिनं सांगितलं तेव्हा मास्तर उठून आतल्या खोलीत गेले आणि जेवायला हाक मारेपर्यंत बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लेकीला पत्र सांगितलं. प्रश्नवालीला. या खेपेला काही झाकलं नाही. डोळ्यांचं सांगितलं. पूल कसा कोसळला ते सांगितलं. लायब्ररी सांभाळायला माणूस हवा होता, विद्यार्थी निवडताना मनात तेच होतं, हेही सांगितलं. आणि विचारलं: अजून घ्याल का?

उत्तर तीन दिवसांनी आलं. लेक दुकानात निघाली होती, चपला काढून परत आत आली. उभ्या उभ्याच वाचू लागली.

"आदरणीय सर. तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं. माझ्या बारा ओळी तुमच्याकडे आहेतच, त्या वापरायला माझी काही हरकत नाही. त्यानं ती चूक जाईल. तुम्ही दुरुस्ती बंद केलीत तेव्हा मला वाटलं, मी प्रश्न उद्धटपणे विचारला असेल. मी दुसऱ्या एका प्रकल्पात गेले. तिथल्या लोकांनी आता अर्धं काम माझ्यावर सोपवलंय. त्यांना शब्द दिला आहे, तो मोडता येणार नाही. मला..."

लेक थांबली. क्षणभरच. मग म्हणाली, "तब्येतीला जपा. आपली नम्र."

"काय वगळलंस?"

"काही नाही."

"मला दिसत नाही. ऐकू येतं."

लेकीनं खुर्ची ओढली आणि बसली. लॅपटॉपकडे न बघताच तिनं ते सांगितलं, म्हणजे ते आधीच वाचून झालं होतं. "लिहिलंय, मला दुसरीकडे जायचंच नव्हतं. अर्ज करायच्या आधी मी नऊ हजारच्या नऊ हजार ओळी वाचल्या होत्या, त्याशिवाय तो प्रश्न पडलाच नसता. तुम्ही एकदा उत्तर दिलं असतं, तर मी ती लायब्ररी आयुष्यभर सांभाळली असती."

मास्तर दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवून बसून राहिले.

"उत्तर लिहू का काही?" लेकीनं विचारलं.

"लिही. प्रश्न बरोबर होता. पत्रक चूक होतं, कोड चूक होता, आणि मी चूक होतो."

तिनं लिहिलं. "अजून?"

"अजून काही नाही. पाठव. आणि त्या बारा ओळी कोडात घालायच्या. कसं करायचं ते सांगतो, तू बटणं दाब."

त्याला वीस मिनिटं लागली. लेकीनं चुकीचं बटण एकदाही दाबलं नाही, कारण ती प्रत्येक वेळी दाबायच्या आधी विचारत होती. बारा ओळी जागेवर जाऊन बसल्या. लायब्ररी आता बरोबर होती, थोरल्या साहेबांच्या हयातीत नव्हती इतकी बरोबर.

"दुकानाला उशीर झाला तुला," मास्तर म्हणाले. "एक शेवटचं कर. सर्वात वरती एक फाइल आहे बघ, सांभाळणाऱ्यांची. त्यात एकच नाव असेल."

"तुमचं."

"ते काढ. ज्याला वाचता येत नाही त्याचं नाव तिथे ठेवायचं नाही. लोक भरवशावर राहतात."

लेकीनं नाव पुसलं. पांढऱ्या फाइलमधे कर्सर लुकलुकत राहिला, तो फक्त तिलाच दिसत होता.

"कोणाचं घालू?"

"कोणाचंच नाही," मास्तर म्हणाले. "तशीच जतन कर."